शिक्का एक, अर्थ दोन : सीडी२५ची गोष्ट

१/ दोन कागदांवर एकच मोहोर आढळली, म्हणून दोहोंचा हेतूही एकच असे इतिहासाचा अभ्यासक मानत नाही. हाच धडा उंदराच्या एका पेशीने प्रतिकारशास्त्राला शिकवला. #थ्रेड

२/ सूक्ष्मदर्शकाखाली सर्व टी-पेशी सारख्याच दिसतात. म्हणून त्यांच्या पृष्ठभागावरील प्रतिजनांवरून त्यांची ओळख पटवली जाते. टी-पेशी उद्दीपित झाली की तिच्यावर सीडी२५ हे प्रतिजन उमटते. ते इंटरल्युकिन-२ च्या ग्राहीचा भाग आहे. साहजिकच 'सीडी२५ म्हणजे लढाईस सज्ज पेशी' असे समीकरण रूढ झाले.

३/ मागे वळून १९६९ कडे पाहू. जपानमध्ये निशिझुका व साकाकुरा यांनी तीन दिवसांच्या उंदरांची थायमस ग्रंथी काढली. टी-पेशी घडवणारी ग्रंथीच गेल्यावर प्रतिकारशक्ती केवळ दुबळी व्हावी. येथे मात्र माद्यांचे अंडाशय नष्ट झाले. पुढे उलगडले, की शरीर स्वतःवरच उलटले होते.

४/ १९७० मध्ये येल विद्यापीठातील रिचर्ड गर्शन यांनी 'दमनकारी' टी-पेशींची कल्पना मांडली. १९७६ मध्ये त्यांची खूण म्हणून 'आय-जे' हे प्रतिजन पुढे आले. १९८३ मध्ये डीएनए तपासला, तर सांगितलेल्या जागी तसे जनुकच नव्हते! खुणेबरोबर कल्पनेचीही पत गेली.

५/ शिमोन साकागुची यांनी मात्र १९६९ च्या त्या प्रयोगाचा माग सोडला नाही. १९९५ मध्ये त्यांनी निरोगी उंदरांच्या पेशींतून सीडी२५ धारण करणाऱ्या पेशी वगळल्या आणि उरलेल्या, थायमसविहीन उंदरांना दिल्या. थायरॉइड, जठर, अंडाशय अशा अनेक अवयवांवर हल्ला झाला. वगळलेल्या पेशी वेळीच परत दिल्या, तर रोग टळला.

६/ म्हणजे ज्यांना सैनिक समजले जात होते, त्यांच्यात शांतिरक्षकही होते. निरोगी उंदराच्या सीडी४ पेशींत त्यांचे प्रमाण जेमतेम ५ ते १० टक्के.

७/ तरीही पेच उरला : उद्दीपित सैनिकावरही सीडी२५ असतेच. तो २००३ मध्ये सुटू लागला. २००१ मध्ये ब्रन्को व रॅम्सडेल यांनी रोगट 'स्कर्फी' उंदरांत शोधलेले फॉक्सपी३ जनुकच या नियामक पेशी घडवते, असे दिसून आले. २०२५ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल या तिघांना मिळाले.

८/ आय-जे ही खूण होती, पण तिच्यामागे जनुक नव्हते. सीडी२५ खरे होते. अपुरा होता तो आपण लावलेला अर्थ. साधन अस्सल ठरले म्हणजे त्याचे वाचनही अचूक ठरते असे नाही. इतिहासात नाही, आणि प्रयोगशाळेतही नाही.