घरातला संगणक आणि एक छोटीशी खूण

१५ ऑगस्ट १९८४ रोजी दूरदर्शनवर विद्यापीठ अनुदान आयोगाचे शैक्षणिक कार्यक्रम सुरू झाले. ते दिवसा दाखवले जात आणि नेमके तेव्हाच शिक्षक व विद्यार्थी वर्गात असत. ज्यांच्याकडे व्हीसीआर होता त्यांना उपाय सोपा होता. टेप लावून ठेवायची आणि संध्याकाळी कार्यक्रम बघायचा. यात काही बेकायदा आहे का? आपल्याला हा प्रश्न विचित्र वाटेल. पण त्याच वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने याच प्रश्नाचा निकाल दिला होता. वीस वर्षांनी घरातल्या संगणकामुळे तो तिथे पुन्हा उभा राहिला.

पहिला खटला

सोनी कंपनीने १९७५ मध्ये बीटामॅक्स हा घरगुती रेकॉर्डर बाजारात आणला. पुढच्याच वर्षी युनिव्हर्सल आणि डिस्ने या चित्रपट कंपन्या कोर्टात गेल्या. आमच्या कलाकृतींची नक्कल करणारे यंत्र विकणे म्हणजे नक्कल करायला मदत करणेच, असे त्यांचे म्हणणे होते. मुलांचे लाडके कार्यक्रम करणारे फ्रेड रॉजर्स यांनी मात्र वेगळी साक्ष दिली. कुटुंबांनी आपले कार्यक्रम टेप करून सोयीच्या वेळी पाहावेत, यात त्यांना काहीच गैर वाटत नव्हते. १७ जानेवारी १९८४ रोजी ५ विरुद्ध ४ मतांनी निकाल लागला. कार्यक्रम नंतर पाहण्यासाठी घरी टेप करणे हा रास्त वापर आहे, असे न्यायालयाने म्हटले.

चित्राचे अंकगणित

टेपवरचे चित्र प्रत्येक नकलेत पुसट होत जाते. सायक्लोस्टाईलच्या प्रतीवरून पुन्हा स्टेन्सिल कापून प्रती काढल्या तर काय होईल, हे आपण जाणतोच. डिजिटल प्रक्षेपणात चित्र आकड्यांच्या रूपात येते. पाढे वहीतून वहीत कितीही वेळा उतरवा, चूक केली नाही तर शेवटची प्रत पहिल्याइतकीच चांगली असते.

पण हे आकडे असतात तरी किती? वर्गात फळ्यावर हिशेब करून पाहू या. हाय डेफिनिशन चित्रात आडवे १९२० आणि उभे १०८० बिंदू असतात, म्हणजे एकूण २०,७३,६००. प्रत्येक बिंदूसाठी तीन मूळ रंगांचे मिळून २४ बिट धरले तर एका चित्राचे सुमारे ५ कोटी बिट होतात. सेकंदाला ३० चित्रे, म्हणजे सेकंदाला सुमारे १४९ कोटी बिट. अमेरिकेत एका वाहिनीला हवेतून मिळणारा ६ मेगाहर्ट्झचा पट्टा मात्र सेकंदाला १.९४ कोटी बिटच वाहून नेऊ शकतो. म्हणजे मजकूर सत्तर-ऐंशी पटींनी आवळावा लागतो.

हे कसे साधते? शिक्षक हजेरी घेतात तसे. पटावरची सगळी नावे रोज नव्याने कोणी लिहीत नाही, फक्त कोण गैरहजर आहे ते टिपले जाते. बातम्या देणाऱ्या व्यक्तीच्या मागची भिंत हलत नाही. मग ती दर वेळी कशाला पाठवायची? आधीच्या चित्रापेक्षा जे बदलले तेवढेच पाठवायचे. शिवाय डोळ्याला न जाणवणारे बारकावे गाळायचे. एमपेग-२ ही पद्धत मुख्यतः हेच करते.

रेकॉर्ड करणे सोपे, बघणे अवघड

अमेरिकेतल्या मोठ्या शहरांत नोव्हेंबर १९९८ मध्ये डिजिटल प्रक्षेपण सुरू झाले. संगणकाच्या हौशी लोकांच्या लवकरच एक गंमत लक्षात आली. जुने प्रक्षेपण रेकॉर्ड करायचे तर संगणकाला लहरी सतत मोजाव्या लागत, त्यांचे आकडे करावे लागत आणि ते आवळावेही लागत. आता हे सगळे काम प्रक्षेपण केंद्रच करून पाठवत होते. संगणकात बसवलेल्या कार्डाने लहरींतून बिट वेगळे काढायचे आणि हार्ड डिस्कवर जसेच्या तसे लिहायचे, एवढेच उरले. सेकंदाला २४ लाख बाइट, तासाला सुमारे ८.७ गिगाबाइट. डिस्कला हे सहज झेपे. उलट, आवळलेले चित्र पुन्हा उलगडून दाखवताना त्या काळचे साधे संगणक अडखळत.

२००२ मध्ये मिथटीव्ही ही मोफत आणि सर्वांना खुली असलेली प्रणाली सुरू झाली. लिनक्सवर चालणारी कार्डेही मिळू लागली. एक अँटेना, एक कार्ड आणि मोठी डिस्क जमवली की घरचा रेकॉर्डर तयार!

खूण

चित्रपट कंपन्यांना भीती वाटली, आणि ती निराधार नव्हती. मूळ चित्राइतकीच उत्तम प्रत इंटरनेटवरून जगभर वाटता येणार होती. तसे झाले तर चांगले चित्रपट मोफत प्रक्षेपणासाठी का द्यावेत, असे त्या विचारू लागल्या. नोव्हेंबर २००३ मध्ये तिथल्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने एक नियम केला. प्रक्षेपणात 'पुढे वाटू नये' अशा अर्थाची काही बिटांची खूण घालता येईल आणि १ जुलै २००५ नंतर तयार होणाऱ्या प्रत्येक ग्रहण-यंत्राने ती पाळली पाहिजे.

इथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. खूण म्हणजे कुलूप नव्हे. चित्र पूर्वीसारखेच उघडे येत होते. खूण पाळायची की नाही, हे घरातले यंत्र ठरवणार होते. म्हणून वापरणाऱ्याला सहज बदलता येणार नाही असेच यंत्र बनवण्याची सक्ती करावी लागली. ज्या प्रणालीत कोणीही बदल करू शकतो, तिला या नियमात जागाच उरली नाही.

ग्रंथपाल कोर्टात जातात

या नियमाविरुद्ध अमेरिकन लायब्ररी असोसिएशन व इतर संस्था अपील न्यायालयात गेल्या. मार्च २००५ मध्ये न्यायालयाने त्यांनाच विचारले, या नियमाने तुमचे नेमके काय नुकसान होणार? नुकसान दाखवता आले नसते तर खटला तिथेच संपला असता. उत्तर मिळाले ते नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या उदाहरणातून. तिथले ग्रंथालय प्राध्यापकांना मदत करत असे. प्रक्षेपणातले छोटे तुकडे दूरशिक्षणाच्या विद्यार्थ्यांपर्यंत इंटरनेटवरून पोहोचवले जात. नव्या यंत्रांनी हे काम अडले असते. न्यायालयाला हे पटले आणि खटला पुढे चालला.

६ मे २००५ रोजी निकाल लागला. कमिशनचा अधिकार प्रक्षेपणावर आहे, पण संदेश घरात पोहोचल्यानंतर यंत्राने त्याचे काय करावे हे ठरवण्याचा अधिकार संसदेने त्याला दिलेला नाही, असे न्यायालयाने सांगितले. नियम रद्द झाला. जुलै यायला फक्त आठ आठवडे उरले होते.

गोष्ट मात्र इथे संपत नाही. २०१७ मध्ये अमेरिकेत नव्या पिढीच्या प्रक्षेपणाला परवानगी मिळाली आणि त्यात काही केंद्रांनी आकडेच कुलूपबंद करून पाठवायला सुरुवात केली. खुणेच्या जागी आता खरेखुरे कुलूप आले.

चित्राचे आकडे झाले तेव्हा ते टिपून ठेवणे वहीत पाढा उतरवण्याइतके सोपे झाले. तेव्हापासून वाद उरला तो वही कोणाच्या हुकमात असावी, याचा. २००५ मध्ये त्याचे उत्तर वहीच्या मालकाच्या बाजूने लागले, आणि न्यायालयाचे दार उघडे राहिले ते विद्यार्थ्यांसाठी चित्रांचे तुकडे जमवणाऱ्या एका ग्रंथालयामुळे. आपल्या शाळेच्या कपाटातल्या जुन्या टेपांकडे पाहताना ही गोष्ट आठवायला हरकत नाही.