'मूट पॉइंट' म्हणजे नक्की काय?

आजचा शब्द आहे 'मूट'. मीटिंगमधलं 'म्यूट' बटण नव्हे हं, हा वेगळा.

मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे हा शब्द सारखा कानावर पडतो. एखादं फीचरच रद्द झालं, की त्यातल्या बगवरची चर्चा 'मूट' होते. बग खराच होता, पण आता तो सोडवून काही उपयोग नाही. 'इररिलेव्हंट' म्हणजे मुळातच संबंध नसलेलं. 'मूट' म्हणजे संबंध होता, पण आता निर्णयाने फरक पडत नाही.

गंमत अशी, की आधी अर्थ जवळजवळ उलटा होता. जुन्या इंग्रजीत हा शब्द सभेसाठी वापरायचे. १०६६ च्या नॉर्मन स्वारीआधी इंग्लंडच्या राजाची सल्लागार सभा होती, तिचं नाव 'विटेनगेमोट'. पुढे लंडनच्या 'इन्स ऑफ कोर्ट'मध्ये वकिलीचे विद्यार्थी सरावासाठी काल्पनिक खटले लढवू लागले, तेही 'मूट'. आपल्या लॉ कॉलेजांतलं 'मूट कोर्ट' त्याच परंपरेतलं. तेव्हा 'मूट पॉइंट' म्हणजे वाद घालण्याजोगा मुद्दा. पण सरावाच्या खटल्यात निकाल काहीही लागो, कुणाचं काय बिघडतं? त्यातूनच अमेरिकेत आजचा अर्थ रुळला.

आणि हा अर्थ किती भारी पडू शकतो बघा. मार्को डीफ्युनिस या विद्यार्थ्याला वॉशिंग्टन विद्यापीठाच्या लॉ स्कूलने प्रवेश नाकारला. अल्पसंख्याकांना प्रवेशात झुकतं माप मिळतं, म्हणून तो कोर्टात गेला. कोर्टाच्या आदेशाने त्याला प्रवेश मिळालाही. प्रकरण अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात पोचेपर्यंत तो शेवटच्या सत्रात होता. १९७४ मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी कोर्ट म्हणालं: हा पदवी घेणारच आहे, खटला मूट! न्यायमूर्ती ब्रेनन यांनी विरोधात लिहिलं, की हा प्रश्न असा संपणार नाही. तसंच झालं. बाकी खटल्यात तोच प्रश्न पुन्हा कोर्टासमोर आला, आणि १९७८ मध्ये त्याचा निकाल लागला.

म्हणून दोन गोष्टी लक्षात ठेवा. लंडनच्या क्लायंटला मेल लिहिताना हा शब्द जपून वापरा, तिकडे 'वादाचा मुद्दा' हा जुना अर्थ अजून चालतो. आणि तुमचा प्रश्न कुणी 'मूट' म्हणून बाजूला सारला, तर सरळ विचारा: एकट्या माझ्यापुरता संपला, की सगळ्यांसाठीच?