हलके छप्पर: शिलाँगचा भूकंप ते ओडिशाचे वादळ

चक्रीवादळ किनारा ओलांडून गेले की दुसऱ्या दिवशी एक छायाचित्र हमखास छापले जाते: उडालेले पत्रे आणि उघडे पडलेले घर. पत्र्याच्या हलकेपणाला आपण दोष देतो. ईशान्य भारतात मात्र याच हलकेपणामुळे त्याला मान मिळाला होता.

पन्हळी पत्र्याचे पेटंट लंडनच्या गोदीतील अभियंता हेन्री रॉबिन्सन पामर यांनी १८२९ मध्ये घेतले. अर्धा मिलिमीटर जाडीचा सपाट पत्रा हाताने वाकतो. त्यालाच सुमारे १८ मिलिमीटर खोल पन्हळी पाडल्या की त्यांच्या लांबीच्या दिशेने ताठपणा हजार पटींहून अधिक वाढतो. पुढे जस्ताचा लेप आला आणि गंजही लांबला.

१२ जून १८९७ रोजी शिलाँगचे पठार हादरले व दगडी इमारती जमीनदोस्त झाल्या. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे रिचर्ड ओल्डहॅम यांनी या भूकंपाचा केलेला अभ्यास आजही प्रमाण मानला जातो. भूकंपात इमारतीवर येणारे बल तिच्या वस्तुमानाच्या प्रमाणात असते. म्हणून डोक्यावरचे ओझे कमी करणे हे शहाणपण. लाकडी सांगाडा, इकरा नावाच्या बोरूच्या लिंपलेल्या भिंती आणि वर पत्रा, असे ‘आसाम पद्धतीचे घर’ त्यानंतरच्या काळात तेथे रूढ झाले. त्या छपराचे वजन चौरस मीटरला जेमतेम पाच किलो.

वाऱ्यापुढे हे पाच किलो म्हणजे काहीच नव्हे. छपरावरून वेगाने जाणारा वारा पत्र्याला दाबत नाही, वर ओढतो. आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागानुसार वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या ०.६ पट धरतात. ओडिशाच्या किनाऱ्यासाठी वेग सेकंदाला ५० मीटर. म्हणजे चौरस मीटरवर १५०० न्यूटन, जवळजवळ दीडशे किलोंचा भार. आढ्यापाशी, वळचणीला आणि कोपऱ्यांत ही ओढ सर्वाधिक. तेव्हा छप्पर टिकते ते बोल्ट आणि वायसरच्या बळावर.

हे ऑस्ट्रेलियाला २५ डिसेंबर १९७४ रोजी कळले. ‘ट्रेसी’ वादळाने डार्विन शहरातील बहुसंख्य घरे मोडली. तपासात दिसले की अनेक पत्रे एका झटक्यात फाटले नव्हते. तासन्‌तास झोतांमागून झोत बसत गेले, स्क्रूच्या भोकाभोवती तडे वाढले आणि अखेर पत्रा स्क्रूच्या डोक्यावरून निसटला. धातू थकतो तो असा. त्यानंतर तेथे पत्र्यांची चाचणी भार पुन्हा पुन्हा देऊन होऊ लागली. रुंद वायसर आले.

आपल्याकडे २९ ऑक्टोबर १९९९ च्या ओडिशातील महाचक्रीवादळाने हजारो बळी घेतले. मानकाच्या २०१५ च्या आवृत्तीत पूर्व व गुजरात किनाऱ्याच्या ६० किलोमीटर पट्ट्यासाठी वेगाला एक वाढीव गुणक आला: वादळानंतर उपयोगी पडणाऱ्या निवाऱ्यांसारख्या इमारतींना १.३०, कारखान्यांना १.१५. बल वर्गाने वाढत असल्याने १.३० म्हणजे सुमारे १.७ पट मजबुती. निवारा आधी टिकला पाहिजे, हा विचार रास्तच. इतर सर्व इमारतींना, अर्थात राहत्या घरांनाही, गुणक १.००. त्यांतही पत्र्याची बहुतेक घरे अभियंत्याच्या नजरेखालून जातच नाहीत. गावातला मिस्त्री बाजारात मिळेल तो वायसर लावतो आणि दोन बोल्टांमधले अंतर आपल्या अंदाजाने ठरवतो.