वायदा

सुरतेच्या उधना-लिंबायत भागातल्या मराठी माणसाने गुजराती वर्तमानपत्राचं बाजारपान उघडलं, की ‘वायदो’ हा शब्द त्याला घरचाच वाटतो. आपला ‘वायदा’ आणि हा ‘वायदो’ दोघांचं मूळ एकच: अरबी ‘वअदा’, म्हणजे दिलेला शब्द. फारसीच्या वाटेने तो आपल्याकडे आला आणि वचनाबरोबर मुदतीचा अर्थही घेऊन बसला.

बाजाराने हे दोन्ही अर्थ जपले. हजर बाजारात पैसे टाका, माल उचला. वायद्यात भाव आज ठरतो, व्यवहार ठरल्या तारखेला पुरा होतो. आज हाती फक्त शब्द असतो.

तो मोडला की काय होतं, हे 1865 ने दाखवलं. सुरतेत जन्मलेले प्रेमचंद रायचंद तेव्हा मुंबईच्या शेअर बाजाराचे अनभिषिक्त राजे होते. अमेरिकेतल्या यादवीने कापसाला सोन्याचा भाव आला होता. त्या पैशाच्या जोरावर, समुद्र हटवून जमीन काढू पाहणाऱ्या बॅकबे रेक्लमेशन कंपनीच्या शेअरांवर वायद्यांचे इमले चढले. यादवी संपली, कापूस कोसळला. 1 जुलैला मुदत भरली, तेव्हा घेणाऱ्यांकडे पैसेच नव्हते. पेढ्या बुडाल्या, प्रेमचंदही बुडाले.

म्हणून आज वायदा करणाऱ्याकडून आधी अनामत घेतात, रोजच्या भावाने नफातोटा रोज चुकता होतो. नव्या गुंतवणूकदाराने एवढंच मनात धरावं: थोड्या अनामतीवर आपण पूर्ण रकमेचा शब्द देतो. खिशात पेलेल तेवढाच वायदा करावा.