भूमापकाचा ताप आणि माकडांचा मलेरिया

१/ १९६५. मलाय द्वीपकल्पातील पहांगच्या जंगलात काम करून एक अमेरिकन भूमापक मायदेशी परतला, तो ताप घेऊनच. रक्तात मलेरियाचे परजीवी सापडले. पण कोणत्या जातीचे?

२/ मानवी मलेरियाच्या तेव्हा चार जाती मानल्या जात: फाल्सिपेरम, व्हायव्हॅक्स, मलेरी आणि ओव्हाले. यांतील ओव्हालेची ओळखही एका परतलेल्या प्रवाशामुळेच पटली होती. पूर्व आफ्रिकेतून आलेल्या सैनिकाच्या रक्तावरून स्टीफन्स यांनी १९२२ मध्ये तिचे वर्णन केले.

३/ भूमापकाच्या रक्तात आधी फाल्सिपेरम दिसला, मग निदान बदलून मलेरी ठरले. तपासनीस निष्काळजी नव्हते. या परजीवीची कोवळी रूपे फाल्सिपेरमसारखी, तर वाढलेली रूपे मलेरीसारखी दिसतात.

४/ पुढे संशोधनासाठी त्याचे रक्त तुरुंगातील स्वयंसेवकांना आणि ऱ्हीसस माकडांना टोचण्यात आले. आजच्या नीतिनियमांत न बसणारा हा प्रयोग. माकडे दगावली आणि उलगडा झाला: हा माकडांचा मलेरिया, प्लाझ्मोडियम नोलेसी. माणसाला तो निसर्गतः झाल्याचा हा पहिला सिद्ध दाखला.

५/ याचे धागे कलकत्त्यात आहेत. सिंगापूरहून आलेल्या एका माकडातील या परजीवीचा अभ्यास रॉबर्ट नोल्स आणि बिराज मोहन दास गुप्ता यांनी केला. तो रक्तावाटे माणसालाही होतो, हे त्यांनी १९३२ मध्येच दाखवले. नाव मात्र एकट्या नोल्स यांचे लागले.

६/ भूमापकानंतर मलायात हजाराहून अधिक लोकांचे रक्त तपासले गेले. एकही रुग्ण सापडला नाही. प्रकरण अपवाद म्हणून मिटले.

७/ २००४ मध्ये बलबीर सिंग आणि सहकाऱ्यांनी सारावाकमधील कापित येथील २०८ मलेरिया रुग्णांच्या रक्ताची डीएनए चाचणी प्रसिद्ध केली. १२० जणांत नोलेसी निघाला. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांतील बहुतेकांचे निदान ‘मलेरी’ असे झाले होते.

८/ ही चूक केवळ नावाची नव्हे. मलेरीची वाढ ७२ तासांच्या चक्राने संथ होते. नोलेसीचे चक्र अवघे २४ तासांचे. उपचार लांबले तर तो जीवही घेऊ शकतो.

९/ म्हणूनच आग्नेय आशियातील जंगलातून परतलेल्या रुग्णाच्या काचपट्टीवर ‘मलेरी’ दिसला, तर डॉक्टर आज नोलेसीचा संशय घेतात. काचपट्टीइतकेच महत्त्व एका साध्या प्रश्नाला आहे: आपण कोठून आलात?