आवाजाची मूळ प्रत

जुन्या पोथ्यांच्या अभ्यासकास एक शिस्त प्रथम शिकावी लागते. पाठ कितीहि अशुद्ध दिसो, मूळ पोथीवर लेखणी चालवावयाची नाहीं; दुरुस्ती करावयाची ती आपल्या नकलेंत. आवाजाच्या बाबतींत ही शिस्त आपल्या अंगवळणीं पडलेली नाहीं. आज ज्याच्या त्याच्या खिशांत मोबाईलच्या रूपानें ध्वनिमुद्रणाचें यंत्र आहे, आणि घरच्या संगणकावर तो आवाज कापण्याजोडण्याची सोय आहे. अशा वेळीं या विद्येचा इतिहास थोडक्यांत पाहणें अप्रस्तुत होणार नाहीं.

पॅरिस येथील स्कॉट द मार्तिनव्हिल या गृहस्थानें 1857 सालीं काजळी धरलेल्या कागदावर ध्वनीची रेघ उमटविणाऱ्या यंत्राचें पेटंट घेतलें. ती रेघ पुन्हां ऐकतां यावी, अशी त्याची कल्पनाच नव्हती. ती डोळ्यांनीं पाहावयाची होती. उमटलेला आवाज पुन्हां ऐकविण्याचें श्रेय 1877 सालीं एडिसननें मिळविलें. पुढें 2008 सालीं अमेरिकन संशोधकांनीं स्कॉटचा 1860 मधील एक कागद संगणकाच्या साह्यानें बोलता केला, आणि एका फ्रेंच लोकगीताचे सूर जगानें ऐकले. गाणारी स्त्री किंवा मुलगी असावी, असें सर्वांस वाटलें. वर्षभरानें उलगडा झाला कीं, आवाज दुप्पट वेगानें वाजविला गेला होता. गाणारा पुरुष होता, आणि तो बहुधा स्कॉट स्वतःच! विद्वानांच्या हातून, शुद्ध हेतूनें, पुरुषाची मुलगी झाली. ही चूक सुधारतां आली याचें कारण एकच: काजळीचा तो कागद जसाच्या तसा शाबूत होता.

तबकडीच्या काळांत कापाकापीला वावच नव्हता. 1902 सालीं फ्रेड गैसबर्ग यांनीं कलकत्त्यास गौहरजान यांचें गाणें मुद्रित केलें, तेव्हां सुमारें तीन मिनिटांत जें बसेल तें एका दमांत गावें लागे. चूक झाली तर पुन्हां पहिल्यापासून आरंभ! तुकड्यांची निवड गायकाला गाण्यापूर्वींच मनांत करावी लागे.

ही स्थिति चुंबकीय फितीनें पालटली. डेन्मार्कच्या पौल्सेननें 1898 सालीं पोलादी तारेवर आवाज धरला होता. 1928 सालीं जर्मनींत फ्लॉयमर यानें लोहचूर्ण लाविलेल्या कागदी फितीची युक्ति काढली, आणि 1935 सालीं बर्लिनच्या रेडिओ-प्रदर्शनांत ‘मॅग्नेटोफोन’ लोकांपुढें आला. महायुद्धानंतर जॅक मलिन या अमेरिकन सैनिकानें तसलीं दोन यंत्रें मायदेशीं नेलीं, आणि 1947 पासून बिंग क्रॉसबी यांचा रेडिओ-कार्यक्रम फितीवर घेऊन, पात्यानें कापून व चिकटवून ऐकविला जाऊं लागला. एका विनोदाला मिळालेला हशा जपून ठेवून पुढें दुसऱ्या फिक्या विनोदाला जोडल्याची हकीकत मलिन यांनींच सांगितली आहे. आवाज आतां साक्षीदार राहिला नव्हता. त्याला पढविणें शक्य झालें होतें.

पुढें आवाजाचे आंकडे झाले. 1982 सालीं बाजारांत आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कवर एका सेकंदाच्या आवाजाचीं 44,100 मापें नोंदलेलीं असतात. आंकडे आले कीं पात्याची गरज उरत नाहीं. पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठांत डॉमिनिक मॅझोनी व रॉजर डॅननबर्ग यांनीं सुरू केलेली ‘ऑडॅसिटी’ ही प्रणाली 2000 सालीं सर्वांना विनामूल्य खुली झाली, आणि स्टुडिओंतलें काम घरच्या टेबलावर आलें. मोबाईलवरील फाईल तारेनें संगणकावर घ्यावी. पडद्यावर आवाजाची डोंगररांग दिसते. नको तो भाग निवडून काढून टाकावा. नुसत्या खरखरीचा एक तुकडा दाखविला कीं, यंत्र तिचा ठसा घेऊन तेवढी खरखर सबंध मुद्रणांतून वजा करतें. मात्र त्या ठशाशीं जुळणारा श्वास किंवा हलका उच्चार असेल, तर तोहि तिच्याबरोबर जातो.

ही गोष्ट आम्ही अनुभवानें शिकलों. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या वृद्ध आत्याबाईंच्या जात्यावरच्या ओव्या आम्ही मोबाईलवर उतरून घेतल्या. पुण्याच्या हेमा राईरकर व गी प्वातव्हां यांनीं खेडोपाडींच्या बायकांकडून अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. त्यांचें काम ठाऊक असल्यामुळें घरचा ठेवा जपण्याची आम्हांस हौस होती. घरीं येऊन आम्ही मोठ्या तत्परतेनें तें मुद्रण ‘शुद्ध’ केलें. आत्याबाईंचा खोकला काढला. पुढचें चरण आठवेपर्यंतची स्तब्धता काढली. मधेंच सुनेला दिलेली हांक काढली. जात्याची घरघर वजा केली. नंतर मोबाईलवर जागा हवी म्हणून मूळ फाईल पुसून टाकली.

आत्याबाई निवर्तल्यावर त्यांच्या मुलीनें तें मुद्रण ऐकलें. ती बराच वेळ कांहीं बोलली नाहीं. मग म्हणाली, “दादा, ओव्या सगळ्या आल्या आहेत, पण ह्यांत आई कुठं थांबतच नाहीं.” आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. जें आम्ही कचरा म्हणून झाडून टाकलें, त्यांतच तिला तिची आई भेटावयाची होती. स्कॉटचा कागद दीडशें वर्षें टिकला म्हणून विद्वानांची चूक सुधारली. आमची चूक सुधारावयास कागदच उरला नव्हता.

कापण्याची विद्या वाईट, असें आमचें म्हणणें नाहीं. खरखरीखालीं दडलेला शब्द तिच्यामुळेंच कानीं येतो. परंतु मूळ मुद्रण नांव, गांव व तारीख घालून वेगळें ठेवावें, त्याची दुसरी प्रत अन्यत्र असावी, काय तें नकलेवर करावें, आणि काय काढलें याची एक ओळ लिहून ठेवावी. हें सारें करावयास कितीसा वेळ लागतो? आम्ही ज्या संध्याकाळीं ती फाईल पुसली, त्या संध्याकाळीं आम्हांला तेवढीहि सवड नव्हती.