गॅसबत्ती मोडीत द्यावी, विकावी की पुन्हा पेटवावी? भंडाऱ्याच्या माळ्यावरचा एक प्रश्न

१/
भंडारा जिल्ह्यात जुने घर पाडायला काढले, की माळ्यावरून अनेकदा एक वस्तू खाली येते : काजळी धरलेली, काच फुटलेली, पितळी टाकीची गॅसबत्ती. कधी एकच, कधी चार-पाच. मग घरात मतभेद सुरू होतात. एकाला ती वजनावर मोडीत द्यायची असते, दुसऱ्याला जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याला विकायची असते आणि तिसऱ्याला दुरुस्त करून बैठकीत ठेवायची असते. वाद घरगुती दिसतो. परंतु त्याची मुळे बर्लिन, त्रावणकोर आणि झाडीपट्टीच्या रंगमंचापर्यंत पोहोचतात.

२/
नावापासून सुरुवात करू. 'पेट्रोमॅक्स' हे मुळात एका जर्मन कंपनीचे व्यापारी नाव. बर्लिनच्या एरिश अँड ग्रेट्झ या दिव्यांच्या कारखान्याचे प्रमुख माक्स ग्रेट्झ यांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी रॉकेलवर चालणारा हा दाबाचा दिवा बाजारात आणला. 'पेट्रोलियम' आणि 'माक्स' यांच्या जोडणीतून हे नाव तयार झाले. पुढे इंग्लंडच्या टिली आणि अमेरिकेच्या कोलमन या कंपन्यांचे दिवेही जगभर गेले, भारतीय कारखान्यांनीही त्याच घडणीच्या बत्त्या काढल्या. पण बोलीत नाव रुजले ते पेट्रोमॅक्सचेच.

३/
तिचे काम असे चालते : टाकीत रॉकेल, त्यावर पंपाने भरलेली हवा. दाबामुळे रॉकेल नळीतून वर चढते, उष्णतेने त्याची वाफ होते, ती बारीक छिद्रातून सुटते, हवेत मिसळते आणि मॅन्टलमध्ये जळते. ज्योत स्वतः निळसर आणि मंद असते. डोळे दिपवणारा पांढरा उजेड देतो तो तापलेला मॅन्टल.

४/
या मॅन्टलची कथा बत्तीहूनही जुनी आहे. ऑस्ट्रियन रसायनशास्त्रज्ञ कार्ल आउअर फॉन वेल्सबाख यांनी १८८५ मध्ये त्याचे पहिले पेटंट घेतले. १८९१ मध्ये त्यांना योग्य मिश्रण सापडले : ९९ टक्के थोरियम ऑक्साइड आणि १ टक्का सेरियम ऑक्साइड. थोरियम मिळते मोनाझाइट वाळूतून. अशी वाळू त्रावणकोरच्या किनाऱ्यावर असल्याचे १९०९ मध्ये एका जर्मन रसायनशास्त्रज्ञाच्या लक्षात आले. म्हणजे पूर्व विदर्भातल्या एखाद्या मांडवात लखलखणाऱ्या जाळीचे मूळ द्रव्य दक्षिणेच्या समुद्रकाठचे असू शकत होते. (थोरियम किंचित किरणोत्सारी असते. म्हणून जुन्या मॅन्टलची राख फुंकू नये, श्वासावाटे आत जाऊ देऊ नये.)

५/
इंधनाच्या नावांतही इतिहास मुरलेला आहे. 'रॉकेल' हे 'रॉक ऑइल'चे मराठी रूप. विदर्भात मात्र त्याच पदार्थाला सर्रास 'मातीचे तेल' म्हणतात. मातीच्या तेलाचे कंदील घरोघरी असत, गॅसबत्ती मात्र मोजक्या घरांत. ती महाग होती, पेटवायला हात सरावाचा लागे, आणि घरातल्या रोजच्या कामाला एवढा उजेड लागतही नसे. लग्न, वरात, कीर्तन, नाटक या तिच्या जागा. त्यामुळे ती मागून नेली जाई किंवा भाड्याने आणली जाई. मालकी एका घराची असली, तरी उजेड गावाचा होता. पुढचा सगळा प्रश्न याच वस्तुस्थितीशी जोडलेला आहे.

६/
भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांचा धानाचा आणि जंगलाचा पट्टा म्हणजे झाडीपट्टी. (१ मे १९९९ पर्यंत गोंदिया हा भंडारा जिल्ह्याचाच भाग होता.) भाऊबीजेनंतर येथे गावोगाव मंडई भरते, दंडार रंगते आणि रात्रभर चालणारी नाटके सुरू होतात. दिवटी आणि टेंभ्याच्या उजेडात नटाचा चेहरा दिसतो तो जवळच्यांना. गॅसबत्तीने उजेडाचा घेर वाढवला, आणि त्याबरोबर प्रेक्षकांच्या रांगाही मागे सरकू शकल्या.

७/
येथे एक साधे गणित पाहण्यासारखे आहे. पाचशे कँडलपॉवरच्या पेट्रोमॅक्सच्या टाकीत सुमारे एक लिटर रॉकेल मावते आणि ते साधारण आठ तास पुरते. रात्री दहाला पडदा उघडला, तर एका भरणीत पहाट होते. दाब उतरला की उजेड पिवळा पडू लागतो, म्हणून अधूनमधून पंप मारणारा माणूस हवाच. नाट्येतिहासात नट, लेखक, गायक यांची नावे येतात. नाटक दिसत ठेवणाऱ्या या माणसाचे नाव बहुधा कोठेच नोंदलेले नसते.

८/
वीज आली आणि बत्ती माळ्यावर गेली. महाराष्ट्र राज्य वीज मंडळ १९६० मध्ये स्थापन झाले. त्यानंतर तारा गावोगाव पोहोचायला बराच काळ गेला आणि भारनियमनाच्या दिवसांत बत्ती पुन्हा खालीही उतरली. आता रेशनचे निळे रॉकेलच दिसेनासे झाल्याने तो परतीचा मार्गही जवळपास बंद झाला आहे.

९/
आता मोडीविषयी. भंडारा ही पितळेची नगरी. 'भाणे' म्हणजे पितळी ताट, त्यावरून गावाचे नाव पडले, अशीही एक व्युत्पत्ती सांगितली जाते. अशा गावात मोड देणे हा वस्तूचा अपमान मानला जात नाही. जुने भांडे द्यावे, वजन करावे, वर घडणावळ देऊन नवे घ्यावे, हाच कासारांच्या व्यवसायाचा पाया होता. 'वारसा वाचवा' असे म्हणत या व्यवहाराला नावे ठेवणे म्हणजे या गावाचाच इतिहास न समजणे होय. फरक एवढाच, की मुशीत गेलेल्या घागरीची पुन्हा घागर होते. गॅसबत्तीची गॅसबत्ती होत नाही. शिवाय तिचे एकूण वजन दोन-अडीच किलोच, आणि काच, लोखंड बाजूला काढले की पितळ त्याहूनही कमी उरते.

१०/
मग विकावी का? विकण्यात गैर काहीच नाही. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाचा पाया रोजच्या वापरातल्या अशाच वस्तूंवर उभा आहे. दिवे, अडकित्ते, भांडी. घरोघरी नकोशा झालेल्या वस्तू दिनकर केळकर यांनी आयुष्यभर मिळवल्या आणि १९६२ मध्ये तो संग्रह राज्य शासनाच्या स्वाधीन केला. त्या वस्तू मालकांच्या हातून सुटल्या नसत्या, तर आज पाहायला मिळाल्या नसत्या.

११/
कायद्याची बाजू थोडक्यात : १९७२ च्या पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृती अधिनियमानुसार शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू पुरावशेष ठरू शकते, आणि पुरावशेष खासगी व्यक्तीला परदेशी पाठवता येत नाही. बहुतेक बत्त्या एवढ्या जुन्या नाहीत. परंतु १९२० च्या दशकातील दिवे आता या मर्यादेत येऊ लागले आहेत. परदेशी ग्राहक असेल, तर आधी वय तपासावे.

१२/
खरा घात मोडीत किंवा विक्रीत होतो त्याहून अधिक 'दुरुस्ती'त होतो. अनेक बत्त्यांच्या पितळेवर मुळात निकेलचा रुपेरी थर असतो. तो बफिंगच्या चाकावर उतरवून बत्ती सोन्यासारखी चमकवली जाते. जे कारखान्यातून कधी तसे निघालेच नव्हते, त्याला 'मूळ रूप' म्हटले जाते. त्याच चाकावर टाकीवरचा छाप झिजतो, आणि भांड्यांवर घालतात तसे मालकाचे नाव कोणी कोरले असेल, तर तेही पुसट होते. पंपाचे सुकलेले चामडी वॉशर बदलणे, निपल साफ करणे, नवी काच बसवणे ही दुरुस्ती. छाप घासून टाकणे ही दुरुस्ती नव्हे. टाकीला चीर असेल, तर मात्र पेटवण्याचा हट्ट धरू नये. दाबाखालचे रॉकेल आणि कमकुवत सांधा ही जोडी जीवघेणी आहे. रॉकेल मिळाले नाही म्हणून पेट्रोल भरणे तर त्याहूनही घातक.

१३/
चार-पाच बत्त्या असतील, तर सगळ्या ठेवण्याचे कारण नाही. सर्वांत सुबक बत्ती व्यापारी आपणहून मागेल. ती खुशाल द्यावी, कारण तसा नमुना इतरत्रही सापडेल. ठेवायची ती जिच्याविषयी घरात कोणाला काही सांगता येते : कोणत्या मंडईत टांगली जाई, भाडे किती, पंप कोण मारी. जी विकायची तिचेही छापासकट छायाचित्र घ्यावे आणि गावाचे नाव कागदावर लिहून बत्तीबरोबरच द्यावे. नाव तुटले, की साकोलीची बत्ती आणि हॅम्बुर्गची बत्ती यांत फरक उरत नाही.

१४/
हे काम फार काळ लांबवता येण्याजोगे नाही. नवा मॅन्टल एकदा जाळला की त्याची नुसती राखेची जाळी उरते आणि ती धक्क्याने विस्कटते. म्हणून प्रवास करून आलेल्या बत्तीला नवा मॅन्टल बांधावा लागतो. दोरा किती आवळायचा, टाकी आधी किती तापवायची नसते आणि नळी किती तापवायची असते, पंप कोठे थांबवायचा, हे ज्यांच्या हातांत आहे ती माणसे आता ऐंशीच्या घरात आहेत. येत्या मंडईला गावी गेल्यावर बत्तीचे वजन करण्याआधी त्यांच्याकडून ती एकदा पेटवून घ्यावी आणि शेजारी बसून लिहून घ्यावे.